पाच वॅटचा रेडिओ आणि दहा लाख वॅटचा रेडिओ: तुलना करायची तरी कशात?

लघुलहरी

मंडळी, घरात न मिटलेला वाद इथे आणून टाकतोय.

मेव्हण्याचं म्हणणं, रेडिओ म्हणजे आकाशवाणी. नागपूरजवळ १००० किलोवॅटचं मध्यम लहरींचं (मीडियम वेव्ह) केंद्र होतं, १५६६ किलोहर्ट्झवर. रात्री काटा तिथे नेला की देशात कुठेही बसा, नॅशनल चॅनल लागायचं. त्याला रेडिओ म्हणावं. बाकी कॉलेजातलं १०० वॅटचं एफएम काय आणि हॅमवाल्यांचे, म्हणजे आपापसात बोलणाऱ्या हौशी मंडळींचे, पाच-पाच वॅटचे घरगुती सेट काय, सगळा पोरखेळ.

माझं मत बरोबर उलट. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर २००८ पासून आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर त्याच्याही आधीपासून. ज्याला सांगायचंय तो माणूस दहा किलोमीटरच्या आत राहत असेल, तर दहा लाख वॅट जाळायचे कशाला?

तर दोन प्रश्न. एक, छोट्या आणि मोठ्या केंद्रांची तुलना नेमकी कशावर करावी? पल्ला, आवाज, श्रोते, खर्च की आणखी काही? दोन, निवृत्तीनंतर संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावी स्वतःचं छोटंसं केंद्र काढावं असं मनात आहे. कुणी हा उद्योग केलाय का?

बंड्या नंबर वन

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना शून्य वॅट पुरतात. तिसऱ्या मजल्यावरून बोलतात, पार्किंगपर्यंत खणखणीत. परवाना नाही, जाहिराती नाहीत, बंद करायचं बटणही नाही.

तारायंत्र

आयुष्य प्रक्षेपणाच्या कामात गेलं, म्हणून आधी हिशेब मांडतो. मतं नंतर.

१००० किलोवॅट आणि ५ वॅट यांत दोन लाख पटींचा फरक. रेडिओच्या भाषेत ५३ डेसिबल. ऐकायला भयंकर वाटतं, पण रिसीव्हरच्या एस-मीटरवर (सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा काटा) एक खूण म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे फरक झाला नऊएक खुणांचा. काटा या टोकाला असेल तो त्या टोकाला जाईल. ५ वॅट आणि १०० वॅट यांत तर जेमतेम दोन खुणा. शक्ती शंभर पट केली तरी मोकळ्या अवकाशात अंतर दहापटच वाढतं. त्यामुळे वॅटचे आकडे तोंडावर फेकणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका.

दुसरं, मध्यम लहरी आणि एफएम एका तराजूत घालू नका. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून जाते, रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब पडते. एफएम दिसेल तिथवरच. अँटेना ३० मीटरवर असेल तर क्षितिज वीस-बावीस किलोमीटरवर येतं, पुढे १०० वॅट लावा नाहीतर दहा हजार, पृथ्वी गोल आहे ती आहे. मोठ्या एफएमचा मोठेपणा निम्मा त्यांच्या मनोऱ्याच्या उंचीत असतो.

आणि आवाजाची प्रत म्हणाल तर १०० वॅटचं नीट लावलेलं एफएम १००० किलोवॅटच्या मध्यम लहरीपेक्षा कधीही स्वच्छ वाजतं. मध्यम लहरीवर आवाजाचा वरचा भाग कापूनच पाठवावा लागतो, झांजा-टाळ मेल्यासारखे येतात. एफएमवर टाळ टाळासारखा वाजतो.

खर्च मात्र बघा. १००० किलोवॅट म्हणजे तासाला १००० युनिटं नुसती हवेत. यंत्राचे स्वतःचे नुकसान, कूलिंग वगैरे वेगळं. नॅशनल चॅनल २०१८-१९ च्या सुमारास बंद झालं तेव्हा वाईट वाटलं, पण बिल कुणी बघितलं असेल तर आश्चर्य वाटलं नसेल.

कांदेपोहे

तारायंत्र, माहिती उत्तम. पण मुद्दा राहिला. ऐकतं कोण?

मोठं केंद्र असो की छोटं, आता रिक्षावाला सोडून रेडिओ लावतो कोण? आमच्या कॉलेजात एफएम होतं. स्टुडिओत दहा जण, बाहेर ऐकणारे त्यांचे आईबाप. तेही पहिला आठवडाभर. हौस आहे ना, मग हौस म्हणा. समाजसेवेचा टिळा कशाला लावता?

रेवती_क

कांदेपोहे, तुमच्या कॉलेजचं मला माहीत नाही. मी एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर काही वर्षं काम केलं (नाव लिहीत नाही, तिथली माणसं इथे वाचतात), म्हणून लिहिते.

सकाळी नऊला आमचा बाजारभावाचा कार्यक्रम असायचा. मोंढ्यात एक मुलगा उभा, तो फोनवर भाव सांगणार, आम्ही तसेच हवेत सोडणार. एके दिवशी त्याला ताप आला, आम्ही आदल्या दिवशीचे भाव वाचले. दहा मिनिटांत फोन सुरू. "ताई, कोथिंबीर कालच्या भावाने सांगताय, आम्ही इथे उभे आहोत." ऐकत नसते तर फोन कुठून आले असते? मोठ्या केंद्रावर कोथिंबिरीचा भाव जिल्ह्याचा म्हणून येतो. आमच्याकडे फाट्यावरचा यायचा.

पण गुलाबी चित्र रंगवणार नाही. जाहिराती ताशी काही मिनिटांच्या वर घेता येत नाहीत आणि गावातला किराणावाला देऊन देऊन देणार किती. सरकारी जाहिराती केल्या तर एका खात्याने पैसे इतके उशिरा दिले की तोवर दोन मुली नोकरी सोडून गेल्या. बातम्या स्वतःच्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच पुन्हा लावायच्या. म्हणजे गावच्या पुलाला भगदाड पडलंय हे आम्ही "वाहतुकीची माहिती" म्हणून सांगायचं आणि भगदाड का पडलं यावर गप्प बसायचं. तुलना करायचीच तर इथे करा. मोठ्यांना बातमीदार आहेत पण आमचा पूल त्यांच्या नकाशावर नाही. आमच्या नकाशावर पूल आहे, पण बोलायला मनाई.

बंड्या नंबर वन

कोथिंबिरीवरून कांदेपोह्यांना प्रत्युत्तर. हा धागा आता जेवणाआधी वाचायचा नाही. (हलके घ्या.)

सांगलीकर

रेवतीताई, मान्य. पण मोठ्यांना इतकं झटकू नका.

२०१९ च्या पुरात आमच्या भागात वीज गेली, मग मोबाइलचे टॉवर गेले. शेजारच्या आजोबांकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. गच्चीवर आम्ही वीस-बावीस माणसं त्याभोवती. पुण्याच्या सात पाचच्या बातम्या लागल्या तेव्हा कळलं की बाहेरच्या जगाला आमचं समजलंय. छोटं केंद्र असतं तर? आमच्याबरोबर तेही पाण्यात. ट्रान्समीटर तळमजल्यावर आणि जनरेटरला डिझेल नाही. लांबचं, मोठं, कोरड्या जागेचं केंद्र लागतंच.

रेवती_क

@सांगलीकर, हे शंभर टक्के पटलं. फक्त एक जोड. बाहेरच्यांना समजलंय हे मोठं केंद्र सांगतं, कुठल्या शाळेत जेवण आहे हे छोटंच सांगू शकतं. रामेश्वरमजवळ पांबनला कोळ्यांसाठी 'कडल ओसै' हे ९०.४ वरचं केंद्र २०१६ पासून आहे. समुद्र कसा आहे, वारा काय म्हणतोय, हे ज्यांना होडी काढायची त्यांच्याच बोलीत.

गोमंतकी

आकाशवाणीची केंद्रं, किलोहर्ट्झमध्ये: पणजी १२८७, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१, पुणे ७९२, मुंबई १०४४ आणि ५५८. आकडे तोंडपाठ आहेत, बायकोचा मोबाइल नंबर नाही.

अवांतर: आमच्या वडिलांनी मर्फीच्या सेटच्या तबकडीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. सिलोनची खूण सर्वांत जाड, कारण अमीन सायानींच्या वेळेला घरातला प्रत्येकजण ती पुन्हा गिरवायचा. तेव्हा पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसनचे पैसे भरावे लागत, नुसतं ऐकायचे. आता छोट्या केंद्रांवर इतकी बंधनं म्हणता, तेव्हा तर ऐकायलाही लायसनचं पुस्तक होतं.

व्हीयू-टू काका

एक मोठी गल्लत होतेय, ती आधी सोडवतो. हॅम रेडिओ म्हणजे प्रसारण नाही. माझ्या परवान्यावर मी गाणी लावू शकत नाही, जाहिरात करू शकत नाही, "नमस्कार श्रोतेहो" म्हणून एकतर्फी बोलत बसू शकत नाही. दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं, तेही खाजगी धंद्याचं नाही. त्यामुळे आमच्या पाच वॅटची आकाशवाणीशी तुलनाच चुकीची. त्यांना श्रोते हवेत, आम्हाला उत्तर हवं.

आता पाच वॅटच्या "पोरखेळा"बद्दल. आमच्यात पाच वॅट किंवा त्याहून कमी ताकदीवर काम करणं हा वेगळा छंद आहे, क्यूआरपी म्हणतात. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाच्या सेटचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे भाग, सहाएक वॅट. मला सर्वांत आवडलेली गोष्ट, त्यात कॉइल गुंडाळायला नळाचे प्लास्टिकचे वॉशर वापरले होते. परदेशी फेराइटच्या कड्या आपल्याकडे मिळत नव्हत्या, नळाचा वॉशर कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. मी पण केला. दुकानदाराने विचारलं कितीचा नळ आहे, मी म्हटलं सात मेगाहर्ट्झचा.

अँटेना म्हणजे वीस मीटर तार, मधोमध तोडून तिथून केबल खाली. गच्चीवरून समोरच्या नारळाला बांधली. सकाळी सात मेगाहर्ट्झच्या बँडवर कोईम्बतूरचा माणूस बोलला, माझा आवाज त्याच्याकडे बरा येतोय म्हणाला. मोठ्या केंद्रावर लाखो लोक ऐकत असतील, पण "बरा येतोय" असं उलट कुणी म्हणत नाही.

मिश्कील म्हातारा

छोट्या केंद्रांना पोरखेळ म्हणणाऱ्या मेव्हण्यांना इतिहास विचारा. भारतात प्रसारण सुरूच हौशी मंडळींनी केलं. १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे. मग २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मोठं, रीतसर केंद्र निघालं आणि १९३० मध्ये कंपनीचं दिवाळं. सरकारने उचललं म्हणून पुढचं सगळं.

आणि १९४२ चं भूमिगत काँग्रेस रेडिओ? उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. ऑगस्टमध्ये सुरू, १२ नोव्हेंबरला पकडले गेले. पोलीस मागावर म्हणून मुंबईतल्या मुंबईत जागा बदलत राहिले. ऑल इंडिया रेडिओ सरकारी बातम्या देत होतं, हे लोक ४२.३४ मीटरवर दाबलेल्या बातम्या देत होते. ताकद कुणाची जास्त होती सांगा.

व्हीयू-टू काका

म्हाताऱ्यांना दंडवत. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आजचा आमचा चाळीस मीटरचा पट्टा ७ ते ७.२, म्हणजे त्यातच. रोज सकाळी जिथे आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो.

कांदेपोहे

काका, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

तरी माझा प्रश्न तिथेच आहे. काँग्रेस रेडिओला सांगण्यासारखं होतं. लघुलहरींना संगमेश्वरात काय सांगायचंय?

अ‍ॅमस्टेलवेनकर

इकडची गोष्ट सांगतो. नेदरलँड्समध्ये सार्वजनिक प्रसारकांनी मध्यम लहर सोडली. ७४७ किलोहर्ट्झवरचं मोठं केंद्र २०१५ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. बिल परवडेना, श्रोते एफएम आणि इंटरनेटवर गेले. पट्टा ओस पडला. मग सरकारने तो हौशी लोकांना कमी ताकदीवर वाटला, १ वॅटपासून १०० वॅटपर्यंत. आता संध्याकाळी गाडीत मध्यम लहर लावली की कुणीतरी आपल्या शेडमधून साठच्या दशकातली गाणी वाजवत असतो. पूर्वेकडच्या खेड्यांत तर बिनपरवाना वाजवायची जुनी परंपराच आहे, पोलिसांनाही सवय झाली आहे.

इथे मोठे आणि छोटे भांडत नाहीत. मोठे उठून गेले, त्या जागेवर छोटे येऊन बसले. भारतात आकाशवाणीच्या मध्यम लहरी एकेक बंद होतायत असं ऐकतो. रिकाम्या जागेचं काय करणार, हा प्रश्न कुणी विचारतंय का?

तारायंत्र

अ‍ॅमस्टेलवेनकर, चांगला मुद्दा. एक तांत्रिक पुस्ती. मध्यम लहरीवर दोन केंद्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर आली की दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतात, वर शिट्टी. म्हणून १०० वॅटवाल्याला मोठा शेजारी असेल तर रात्री जगणं मुश्कील. एफएमवर तसं नाही, रिसीव्हर दोघांपैकी जोरदार असेल त्यालाच पकडतो, दुसरा चक्क नाहीसा होतो. म्हणून गावात शंभर वॅटचं एफएम शहरातल्या राक्षसाला हरवू शकतं. फक्त गावात. वेशीबाहेर गेलात की उलट.

पाटीलबुवा

ऑनलाइन साइटवर एफएम ट्रान्समीटर मिळतात, चार-पाच हजारांत. लघुलहरींनी तोच घेऊन गच्चीवर लावावा. कोण येतंय संगमेश्वरात बघायला?

काळा कोट

पाटीलबुवा, येतात. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला दुरुस्तीच्या दुकानातून एका तरुणाने घरगुती एफएम चालवलं होतं. जगभरच्या बातम्यांत कौतुक झालं आणि त्याच कौतुकामुळे २००६ मध्ये बंद पडलं. गावाला हवं होतं, कुणाची तक्रार नव्हती, कायद्याला त्याचं काही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की रेडिओलहरी ही लोकांची मालमत्ता. छान. पण सामुदायिक रेडिओचा परवाना व्यक्तीला मिळतच नाही. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना दार उघडलं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. कृषी विज्ञान केंद्रांना मिळतो. एकट्यादुकट्या हौशी माणसाला नाही.

म्हणजे बघा, हॅमचा परवाना व्यक्तीला मिळतो पण प्रसारण करायचं नाही. प्रसारणाचा परवाना मिळतो पण व्यक्तीला नाही. अमेरिकेत १०० मिलिवॅटचं मध्यम लहरीचं यंत्र कुणीही विनापरवाना चालवू शकतो, तीन मीटरची अँटेना लावून. पल्ला गल्लीपुरता, पण कायदेशीर. आपल्याकडे लघुलहरींसारख्यांसाठी चौकटच नाही. वॅटची तुलना करण्याआधी ही करा.

व्हीयू-टू काका

बाडिस. म्हणजे सहमत.

लघुलहरी

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. मेव्हणा १९३० च्या दिवाळ्यावर अडकलाय, पुढे सरकत नाही.

काळा कोट यांचं उत्तर वाचून जरा बसलोच होतो. मग सुचलं की गावच्या वाचनालयाची संस्था नोंदणीकृत आहे, जुनी आहे. ती अर्ज करू शकेल का?

आणि कांदेपोहे, काय सांगायचंय विचारलंत म्हणून. एसटी. आमच्याकडे सकाळची गाडी आली की नाही हे कळायला फाट्यावर चालत जावं लागतं. पावसात बाव नदीचं पाणी चढलं की पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत यायची की नाही, हे कुणी ठरवत नाही. शिवाय आमच्याकडे नमन-खेळे करणारी म्हातारी मंडळी आहेत, त्यांचं कुणी ध्वनिमुद्रण केलेलं नाही. सुरुवातीला एवढं पुरेल.

कांदेपोहे

एसटीचं पटलं. नमन पहाटे दोनला लावू नका म्हणजे झालं. ऑनलाइन टाकलंत तर मी ऐकीन.

रेवती_क

@लघुलहरी, वाचनालयाची संस्था तीन वर्षं जुनी असेल, काम दाखवता येत असेल, तर अर्जाला बसेल. दोन गोष्टी आधीच ठरवा. निम्मे कार्यक्रम तरी तिथलेच, तिथल्या लोकांचे असावे लागतात, म्हणजे रोज कोण बोलणार याची माणसं आधी शोधा, यंत्र नंतर. आणि पहिल्या वर्षाचे पगार बाजूला ठेवून मगच सुरू करा. बहुतेक केंद्रं ट्रान्समीटरमुळे अडत नाहीत, पगारामुळे अडतात.

काकांकडून शिकून हॅमची परीक्षाही द्या. बारा वर्षांवरचा कुणीही देऊ शकतो. निदान तार कुठे बांधायची ते कळेल.

तारायंत्र

गाव घाटाकडे की खाडीकडे?

लघुलहरी

मधेच. नदीकाठी. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला रस्ता.

तारायंत्र

मग १०० वॅटवर वाद घालू नका, १००० दिले तरी डोंगरापलीकडे थेंब जाणार नाही. वर सड्यावर जागा बघा. परवान्यातली ३० मीटरची मर्यादा मनोऱ्याला आहे, सड्याला नाही. स्टुडिओ खाली वाचनालयातच ठेवा, आवाज वर न्यायची सोय वेगळी करता येते, त्याचीही परवानगी आधी विचारून घ्या.

रेवती_क

आणि केबल लोखंडी पाइपातून न्या. आमच्याकडे माकडांनी आठवड्याभरात सोलून ठेवली होती, आम्ही दोन दिवस ट्रान्समीटरला दोष देत बसलो.